अमेरिकेत पहिला पगारी माणूस ठेवताय? फेडरल आणि स्टेटचा पेरोल टॅक्स कोणत्या क्रमाने भरायचा

न्यू जर्सीत घरगुती डब्यांचा व्यवसाय वाढला म्हणून पोळ्यांना एक बाई ठेवली, डबे पोचवायला एक मुलगा घेतला. किंवा चार माणसांची आयटी कन्सल्टन्सी काढली. पहिला पगार दिला त्या दिवसापासून तुम्ही सरकारच्या लेखी 'एम्प्लॉयर' झालात. पुढे येणाऱ्या नोटिसा पाहिल्या तर बहुतेक दोनच तऱ्हेच्या असतात: रक्कम बरोबर पण तारीख चुकलेली, किंवा फेडरलचं सगळं भरलेलं आणि स्टेटची नोंदणीच केलेली नाही. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. कोणतं काम कशाच्या आधी करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि माणसं तिथेच अडकतात.

खालचा क्रम न्यू जर्सी धरून लिहिला आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर फेडरलचा भाग तोच, स्टेटचे फॉर्म वेगळे. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे २०२५ चे आहेत.

एक शब्द आधी पक्का करू. या लेखात 'पगाराची तारीख' म्हणजे पैसे माणसाच्या हातात किंवा खात्यात गेले तो दिवस. काम कोणत्या आठवड्यात झालं याला करासाठी महत्त्व नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा पगार २ जानेवारीला दिलात तर तो संपूर्ण नव्या वर्षाचा पगार. पुढचं सगळं या तारखेवर टांगलेलं आहे.

## १. समोरचा माणूस कोणत्या खात्यात बसतो ते ठरवा

ही पायरी चुकली की बाकीचं बिनचूक करूनही उपयोग नाही, म्हणून इथे जरा थांबा.

कर्मचारी की कॉन्ट्रॅक्टर? "आम्ही दोघांनी ठरवलंय, १०९९ वरच देतो" (१०९९ म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला द्यायचा फॉर्म) याला कायद्यात किंमत नाही. वेळ, जागा आणि कामाची पद्धत तुम्ही ठरवत असाल तर तो तुमचा कर्मचारीच. बेरोजगारी विम्यासाठी न्यू जर्सी 'एबीसी' कसोटी लावते आणि ती फेडरलपेक्षा कडक आहे: माणूस तुमच्या नियंत्रणाबाहेर काम करतो, काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं किंवा तुमच्या जागेबाहेरचं आहे, आणि त्याचा स्वतःचा असा धंदा आहे, या तिन्ही गोष्टी तुम्हाला सिद्ध कराव्या लागतात. तुमच्याच किचनमध्ये, तुमच्याच वेळेला पोळ्या लाटणाऱ्या बाई यातल्या एकाही अटीत बसत नाहीत.

तुम्ही स्वतः? एकट्याची एलएलसी असेल आणि कॉर्पोरेशन म्हणून कर भरायचा पर्याय घेतला नसेल, तर स्वतःला पगार देऊन डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) काढता येत नाही. तुम्ही पैसे 'काढून घेता', आणि त्यावरचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स तुमच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये जातो. एस-कॉर्पोरेशनमध्ये नेमकं उलटं: तुम्ही काम करत असाल तर वाजवी पगार घ्यावाच लागतो. सगळा नफा 'डिस्ट्रिब्युशन' म्हणून उचलणं ही चौकशी ओढवून घ्यायची सोपी वाट.

घरची माणसं? धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, कॉर्पोरेशन नसेल, तर १८ वर्षांखालच्या तुमच्या मुलाच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही, आणि २१ पर्यंत फेडरल बेरोजगारी करही नाही. तोच धंदा कॉर्पोरेशन केलात की ही सूट गेली. नवरा किंवा बायको पगारावर असेल तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागतंच.

एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी, किंवा ओपीटीवरचा (शिक्षणाशी जोडलेल्या तात्पुरत्या काम-परवानगीवरचा) मुलगा? आपल्या लोकांच्या छोट्या कंपन्यांत सर्वांत जास्त घोळ इथे होतो, आणि दोन्ही बाजूंनी होतो. एफ-१ वर आलेला माणूस पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी नॉन-रेसिडेंट असतो. परवानगीने केलेल्या कामावर, ओपीटी धरून, त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापायचं नाही. तुमचा हिस्साही भरायचा नाही आणि फेडरल बेरोजगारी करही नाही. सॉफ्टवेअर आपणहून कापतं, तेव्हा तिथे सूट नोंदवावी लागते.

दुसऱ्या बाजूची चूक जास्त महाग पडते. वर्षातला एक दिवससुद्धा पूर्ण वर्ष धरला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या विद्यार्थ्याची पाच वर्षं २०२५ च्या डिसेंबरात संपली. १ जानेवारी २०२६ पासून, वर्षभर इथेच राहणार असेल, तर कपात सुरू. आणि १ ऑक्टोबरला एच-१बी लागू झाला तर त्या दिवसापासून कपात सुरू, मग पाच वर्षं झालेली असोत वा नसोत. एच-१बी, एल-१ आणि एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या काम-परवान्यावर) काम करणारे सगळे यात येतात. भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे "मी भारतात पीएफ भरतो" हे कारण चालत नाही.

> तपासा: प्रत्येक एफ-१ कर्मचाऱ्याच्या फाइलवर 'पहिल्यांदा आल्याचं वर्ष' आणि 'सूट संपण्याची तारीख' लिहून ठेवली आहे का? ही तारीख कॅलेंडरवर नसेल तर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

घरी मूल सांभाळायला बाई ठेवली असेल तर तुम्हीही या लेखाचे वाचक आहात. एका बाईला वर्षात २,८०० डॉलर (२०२६ साठी ३,००० डॉलर) किंवा जास्त रोख पगार दिला की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागू होतं. फेडरल भाग तुमच्या वैयक्तिक रिटर्नबरोबर (फॉर्म १०४०) शेड्यूल एच या जोडपत्रावर जातो. खाली सांगितलेल्या तिमाही फेडरल पेरोल रिटर्नची, म्हणजे फॉर्म ९४१ ची, गरज पडत नाही. स्टेटची नोंदणी मात्र वेगळी करावी लागते.

## २. नोंदणी: पहिल्या पगाराआधी तीन ठिकाणी

क्रम असाच ठेवा, कारण पुढच्या ठिकाणी मागच्याचा नंबर लागतो.

१. ईआयएन, म्हणजे मालकाचा फेडरल कर-नंबर. फॉर्म एसएस-४ ची माहिती आयआरएसच्या (फेडरल कर खात्याच्या) साइटवर भरली की नंबर तिथल्या तिथे मिळतो. धंदा वैयक्तिक नावावरून कॉर्पोरेशनमध्ये नेलात तर नवा ईआयएन लागतो. जुन्याच नंबरावर पगार चालू ठेवले की वर्षाच्या शेवटी डब्ल्यू-२ जुळत नाहीत.

२. न्यू जर्सीची नोंदणी, म्हणजे फॉर्म एनजे-आरईजी. कंपनी स्थापन झाल्याचा कागद मिळाला म्हणजे हे झालं, असं अनेकांना वाटतं. ते वेगळं, हे वेगळं. एनजे-आरईजीमध्ये पगार सुरू होण्याची तारीख टाकता, तेव्हा आयकर कपात आणि बेरोजगारी विमा या दोन्हींची खाती उघडतात. काही राज्यांत या दोन गोष्टी दोन वेगळ्या खात्यांकडे असतात. टेक्ससमध्ये स्टेटचा आयकर नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. तिथे बेरोजगारी कर टेक्सस वर्कफोर्स कमिशनकडे भरावाच लागतो.

३. ईएफटीपीएस. फेडरल कर भरण्याची ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था. पिन पोस्टाने येतो आणि त्याला आठवडाभर लागू शकतो. पहिला पगार शुक्रवारी देऊन सोमवारी नोंदणी करायला बसलात तर उशीर तिथेच सुरू झाला.

माणूस दुसऱ्या राज्यात राहत असेल तर? घरून काम करणारा कर्मचारी नॉर्थ कॅरोलिनात असेल तर साधारणपणे तिथे नोंदणी लागते. तुमचं ऑफिस न्यू जर्सीत एडिसनला आहे हे पुरेसं नाही. बेरोजगारी कर कोणत्या राज्याला, हे ठरवताना प्रश्न याच क्रमाने विचारायचे: काम मुख्यतः कुठे होतं, ते एका जागी नसेल तर त्याचा तळ कुठे, तेही नसेल तर हुकूम कुठून सुटतात, आणि शेवटी तो राहतो कुठे. पहिल्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळालं की पुढचे विचारायचे नाहीत.

पेनसिल्व्हेनियाचा अपवाद लक्षात ठेवा. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात समझोता आहे: तिथे राहून इथे कामाला येणाऱ्याने फॉर्म एनजे-१६५ दिला तर न्यू जर्सीचा आयकर कापायचा नाही. बेरोजगारी विमा मात्र न्यू जर्सीलाच जातो, कारण काम इथे होतं. न्यूयॉर्कशी असा समझोता नाही.

## ३. कामाच्या पहिल्या दिवसाचे कागद

- आय-९ (अमेरिकेत काम करायचा हक्क तपासण्याचा फॉर्म): कर्मचाऱ्याने आपला भाग पहिल्या दिवसापर्यंत भरायचा, तुम्ही मूळ कागद पाहून आपला भाग तीन कामकाजी दिवसांत. कोणते कागद दाखवायचे ते तो ठरवतो. "ग्रीन कार्डच दाखव" असं म्हणणं बेकायदा आहे.
- डब्ल्यू-४ आणि एनजे-डब्ल्यू४: आयकर किती कापायचा ते ठरवणारे फॉर्म, फेडरल आणि स्टेटचे वेगवेगळे. डब्ल्यू-४ आला नाही म्हणून कपात थांबवायची नाही; त्याला 'सिंगल' धरून, बाकी काही नोंदवलं नाही असं समजून कापायचं.
- नव्या नेमणुकीची खबर: २० दिवसांच्या आत राज्याला कळवायची. हे सर्रास राहून जातं.

भारतातून आलेल्या एफ-१ विद्यार्थ्यासाठी एक बारकावा. नॉन-रेसिडेंटचा आयकर कापताना पगारात एक ठरावीक रक्कम कागदोपत्री मिळवून मग तक्ता वाचायचा असतो. भारतीय विद्यार्थ्यांना करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणून त्यांच्यासाठी ती रक्कम मिळवायची नाही. चीनमधून आलेल्या सहकाऱ्याची सेटिंग जशीच्या तशी उचलली की आपल्या मुलाचा कर जास्त कापला जातो.

## ४. पगाराच्या दिवशीचा हिशोब

आधी दर.

फेडरल: सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के कर्मचाऱ्याचे आणि ६.२ टक्के तुमचे, वर्षात १,७६,१०० डॉलरपर्यंतच्या पगारावर (२०२६ साठी ही मर्यादा १,८४,५०० डॉलर). मेडिकेअर १.४५ टक्के दोघांचे, मर्यादा नाही. वर्षाचा पगार २,००,००० डॉलरवर गेला की वरच्या भागावर आणखी ०.९ टक्के फक्त कर्मचाऱ्याकडून. त्याला तुमचा जोड हिस्सा नाही. फेडरल बेरोजगारी कर, म्हणजे फ्युटा, पूर्णपणे तुमचा: प्रत्येकाच्या पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के. स्टेटचा बेरोजगारी कर वेळेत भरला असेल तर त्यातले ५.४ टक्के माफ होतात. राहिले ०.६ टक्के, म्हणजे माणशी वर्षाला ४२ डॉलर.

न्यू जर्सी (२०२५ चे आकडे): कर्मचाऱ्याकडून बेरोजगारी आणि वर्कफोर्स निधी मिळून ०.४२५ टक्के, पहिल्या ४३,३०० डॉलरवर. तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा ०.२३ टक्के आणि फॅमिली लीव्हचा ०.३३ टक्के, या दोन्हींची मर्यादा १,६५,४०० डॉलर. तुमचा हिस्सा राज्याकडून तुम्हाला आलेल्या दरपत्रावर असतो, आणि तो दर १ जुलै ते ३० जून असा चालतो. कर्मचाऱ्याचे दर आणि मर्यादा मात्र १ जानेवारीला बदलतात. जुलैत आलेलं पत्र ड्रॉवरमध्ये टाकून वर्षभर जुनाच दर लावणं ही न्यू जर्सीतली नेहमीची चूक.

आता एक पगार पूर्ण उलगडून पाहू. दोन आठवड्यांचा पगार २,००० डॉलर. डब्ल्यू-४ वरून फेडरल आयकर १५० आणि स्टेटचा ४५ डॉलर निघाला असं धरू. दरपत्रावरचा तुमचा स्टेट हिस्सा सगळा मिळून ३.३ टक्के.

| बाब | कर्मचाऱ्याचे | तुमचे |
|---|---|---|
| फेडरल आयकर | १५०.०० | – |
| सोशल सिक्युरिटी | १२४.०० | १२४.०० |
| मेडिकेअर | २९.०० | २९.०० |
| फ्युटा | – | १२.०० |
| न्यू जर्सी आयकर | ४५.०० | – |
| न्यू जर्सी बेरोजगारी व वर्कफोर्स | ८.५० | ६६.०० (अपंगत्व विम्यासह) |
| अपंगत्व विमा | ४.६० | वर धरला |
| फॅमिली लीव्ह | ६.६० | – |

कर्मचाऱ्याच्या हातात १,६३२.३० डॉलर. तुमचा एकूण खर्च २,२३१. या दोहोंमधला फरक ५९८.७०, आणि तो त्या दिवसापासून तुमचा नाही. यातले ४५६ डॉलर ९४१ च्या डिपॉझिटचे, १२ फ्युटाचे, १३०.७० न्यू जर्सीचे.

हे ५९८.७० डॉलर त्याच दिवशी दुसऱ्या बँक खात्यात हलवा. सगळ्या लेखातला एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळा. चालू खात्यात शिल्लक दिसली की तांदळाच्या पोत्यांचं बिल आधी भागवलं जातं, आणि पंधरा तारखेला खातं रिकामं.

> इशारा: कापलेला आयकर आणि कर्मचाऱ्याचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर हिस्सा हा कायद्याने 'ट्रस्ट फंड' आहे. तो न भरता दुसरी देणी भागवली तर तेवढाच दंड जबाबदार व्यक्तीवर वैयक्तिक बसू शकतो. एलएलसी किंवा कॉर्पोरेशनची भिंत इथे आड येत नाही. जबाबदार कोण हे ठरवताना चेकवर सहीचा अधिकार कोणाला, हेही पाहिलं जातं. म्हणून "नुसतं सहीपुरतं" बायकोचं किंवा वडिलांचं नाव खात्यावर घालताना विचार करा.

दोन गैरसमज इथेच मोडतो. ४०१(के) या निवृत्ती-बचत खात्यात जाणारी रक्कम आयकराच्या पगारातून वजा होते, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर तिच्यावर लागतंच. आणि २०२५ च्या नव्या कायद्याने "टिपांवर कर नाही" झालं, हे मालकासाठी खरं नाही. ती वजावट २०२५ ते २०२८ या वर्षांत कर्मचारी स्वतःच्या रिटर्नमध्ये घेतो, २५,००० डॉलरपर्यंत. टिपांवरचं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, त्यातला तुमचा हिस्सा धरून, पूर्वीसारखंच आहे.

## ५. डिपॉझिट: रिटर्नच्या आधी, आणि वेगळ्या तारखेला

रिटर्न तिमाही आहे म्हणून पैसेही तिमाहीच भरायचे, असं समजणारे दरवर्षी दंड भरतात. भरणा आणि रिटर्न या दोन वेगळ्या गोष्टी.

तुम्ही मासिक की अर्धसाप्ताहिक? मागच्या 'लुकबॅक' काळात (दोन वर्षांपूर्वीचा १ जुलै ते गेल्या वर्षीचा ३० जून) ९४१ चा एकूण कर ५०,००० डॉलर किंवा कमी असेल तर मासिक: महिन्यातल्या पगारांचा कर पुढच्या १५ तारखेपर्यंत. नव्या मालकाचा लुकबॅक शून्य, म्हणून पहिल्या वर्षी मासिकच.

त्याहून जास्त असेल तर अर्धसाप्ताहिक. बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवारी पगार दिला तर भरणा पुढच्या बुधवारपर्यंत. शनिवार ते मंगळवार दिला तर लगेचच्या शुक्रवारपर्यंत. तुम्ही पगार कितीदा देता याच्याशी या नावांचा संबंध नाही. महिन्यातून एकदाच पगार देणारी कंपनीही अर्धसाप्ताहिक असू शकते. आणि एका भरणा-काळात कर १,००,००० डॉलरवर गेला तर लगेच पुढच्याच कामकाजी दिवशी भरायचा. बोनसच्या महिन्यात हे अंगावर येतं.

तिमाहीचा कर २,५०० डॉलरपेक्षा कमी असेल तर रिटर्नबरोबर भरला तरी चालतं. वरच्या उदाहरणातला एकच माणूस असेल तर तिमाहीत सहा पगार म्हणजे २,७३६ डॉलर, आणि ही सवलत हुकते. अंदाजावर अवलंबून राहू नका.

> इशारा: ईएफटीपीएसवर भरणा देय तारखेच्या आदल्या दिवशी पूर्व किनाऱ्याच्या वेळेने रात्री ८ च्या आत नोंदवावा लागतो. पंधरा तारखेला सकाळी बसून भरलेला कर सोळाला पोचतो.

उशिराचा दंड: पाच दिवसांपर्यंत २ टक्के, पंधरा दिवसांपर्यंत ५, पुढे १०, आणि नोटिशीनंतरही दहा दिवसांत न भरल्यास १५. वेळेत पण पोस्टाने चेक पाठवलात, तरी पद्धत चुकली म्हणून १० टक्के.

न्यू जर्सीचं वेळापत्रक वेगळं. आधीच्या वर्षात कापलेला स्टेट आयकर १०,००० डॉलर किंवा जास्त असेल तर पगाराच्या पुढच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत भरायचा. कमी असेल तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत रक्कम ५०० डॉलरवर पोचली की पुढच्या १५ तारखेपर्यंत एनजे-५०० ने. बेरोजगारी आणि विम्याचे पैसे तिमाही रिटर्नबरोबर.

फ्युटा: साठत जाऊन ५०० डॉलरच्या वर गेलं की तिमाहीनंतरच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायचं. तोवर पुढे ओढायचं.

## ६. तिमाही रिटर्न

फेडरल ९४१ च्या तारखा: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. न्यू जर्सीच्या एनजे-९२७ (स्टेटचं तिमाही रिटर्न) आणि डब्ल्यूआर-३० (माणसागणिक पगाराची यादी) यांच्या: ३० एप्रिल, ३० जुलै, ३० ऑक्टोबर, ३० जानेवारी. फरक एका दिवसाचा आहे आणि त्यानेच घात होतो. दोन्ही २५ तारखेला करून टाकायची सवय लावा.

९४१ भरताना तीन ठिकाणी अडखळायला होतं:

मासिक भरणा करणाऱ्याने १६ व्या ओळीत महिनावार कर लिहायचा असतो. तिथे लोक डिपॉझिट केलेल्या तारखांनुसार रकमा लिहितात. हवा असतो पगाराच्या तारखेनुसार लागू झालेला कर. अर्धसाप्ताहिकवाल्यांचं शेड्यूल बी याच नियमाने भरायचं. हे चुकलं की सगळं वेळेत भरूनही उशिराचा दंड येतो, कारण आयआरएसला भलत्याच महिन्यात देणं दिसतं.

दुसरं, तिमाहीत एकही पगार झाला नाही तरी शून्याचं रिटर्न जातं. धंदा हंगामी असेल तर तशी खूण करा. माणसं ठेवणं कायमचं बंद केलं असेल तर 'शेवटचं रिटर्न' असं सांगा. नुसतं गप्प बसलात तर आयआरएस अंदाजाने कर लावून पत्र पाठवते.

तिसरं, सेंटांचा फरक. दर पगाराला रक्कम सेंटपर्यंत पूर्ण करताना एक-दोन सेंट इकडेतिकडे होतात. त्याला फॉर्मवर वेगळी ओळ आहे. जबरदस्तीने आकडे जुळवू नका.

डब्ल्यूआर-३० वर प्रत्येकाचा पगार आणि 'बेस वीक' (ठरावीक किमान कमाई झालेले आठवडे) किती, हे द्यायचं असतं. हा रकाना निष्काळजीपणे भरला जातो, आणि फटका कर्मचाऱ्याला बसतो: नोकरी गेली किंवा बाळंतपणाची रजा घेतली की त्याचा हक्क याच आठवड्यांवरून मोजतात.

> तपासा: एनजे-९२७ वरचा एकूण पगार = डब्ल्यूआर-३० वरच्या सगळ्यांच्या पगारांची बेरीज. जुळल्याशिवाय 'सबमिट' दाबू नका.

## ७. वर्षअखेर

३१ जानेवारीपर्यंत डब्ल्यू-२ कर्मचाऱ्याला आणि सोशल सिक्युरिटी प्रशासनाला. फ्युटाचा फॉर्म ९४० ही त्याच दिवशी. तारीख शनिवार-रविवारी आली तर पुढचा कामकाजी दिवस. सगळ्या प्रकारचे मिळून दहा किंवा जास्त फॉर्म असतील तर कागदी चालत नाहीत. न्यू जर्सीला एनजे-डब्ल्यू-३ आणि डब्ल्यू-२ फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत.

पाठवण्याआधी चार ९४१ ची बेरीज डब्ल्यू-३ शी (सगळ्या डब्ल्यू-२ ची एकत्रित बेरीज दाखवणाऱ्या फॉर्मशी) ताडून पाहा: पगार, आयकर, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, प्रत्येक वेगळं. डिसेंबरातच हे करा. शेवटच्या पगारात दुरुस्ती करता येते, जानेवारीत नाही.

डब्ल्यू-२ वरचा फेडरल पगार आणि न्यू जर्सीचा पगार वेगळा दिसला तर घाबरू नका. पगारातून करपूर्व जाणारा आरोग्यविम्याचा हप्ता फेडरलमध्ये वजा होतो, न्यू जर्सीत साधारणपणे होत नाही. दोन्ही रकाने समान करायला जाणारा अकाउंटंटही पाहिला आहे.

स्टेटचा बेरोजगारी कर उशिरा भरला असेल तर ९४० वर ५.४ टक्क्यांची पूर्ण माफी मिळत नाही. राज्याने फेडरल सरकारकडून बेरोजगारीसाठी घेतलेलं कर्ज थकवलं असेल तरी माफी कमी होते. कॅलिफोर्निया २०२२ पासून या यादीत आहे, म्हणून तिथे माणूस ठेवला असेल तर ४२ डॉलरच्या हिशोबावर विसंबू नका.

## पेरोल कंपनीकडे काम दिलं असेल तरी

नेहमीची पेरोल कंपनी तुमच्या वतीने भरते. तिने भरलं नाही तर देणं तुमचंच. म्हणून तीन गोष्टी हातात ठेवा. आयआरएसकडचा पत्ता तुमचाच असू द्या, कंपनीचा नको, नाहीतर नोटिसा तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. ईएफटीपीएसवर स्वतःचं लॉगिन ठेवून महिन्यातून एकदा पाहा: तुमच्या खात्यातून गेलेली रक्कम पुढे जमा झाली आहे का? आणि नव्या राज्यात माणूस ठेवलात तर तिथला नंबर कोणी काढायचा हे लेखी विचारा. बऱ्याच कंपन्या नंबर मिळेपर्यंत त्या राज्याचा कर कापून नुसता ठेवून देतात, आणि भरला जातोय अशी तुमची समजूत राहते.

## चूक सापडली तर

फेडरल तिमाहीची दुरुस्ती ९४१-एक्सने, डब्ल्यू-२ ची डब्ल्यू-२सीने, न्यू जर्सीची तिथल्या सुधारित रिटर्नने. पुढच्या तिमाहीत आकडा गुपचूप वळता करू नका.

एफ-१ मुलाचं सोशल सिक्युरिटी चुकून कापलं असेल तर क्रम असा: त्याची रक्कम आधी परत करा किंवा परताव्यासाठी त्याची लेखी संमती घ्या, मग ९४१-एक्स भरून त्याचा आणि तुमचा दोन्ही हिस्से मागा. मालकाने दाद दिली नाही तर कर्मचारी स्वतः फॉर्म ८४३ भरू शकतो. मुदत साधारण तीन वर्षांची: त्या वर्षाची सगळी ९४१ पुढच्या १५ एप्रिलला भरली असं धरून तिथून मोजायची.

कमी कापलं गेलं असेल, समजा एच-१बी लागल्यानंतरही दोन महिने सूट चालू राहिली, तर कळल्या तिमाहीतच ९४१-एक्स भरा आणि त्याबरोबर पैसेही. वेळेत केलेल्या अशा दुरुस्तीवर साधारणपणे व्याज लागत नाही. त्याचा हिस्सा पुढच्या पगारांतून वळता करता येतो, पण त्याला आधी सांगा आणि हप्ते ठरवून घ्या. एका पगारातून एकदम तीनशे डॉलर गेले तर त्याचं भाडं थकेल.

पेरोलचे सगळे कागद किमान चार वर्षं, आणि आय-९ नेमणुकीपासून तीन वर्षं किंवा नोकरी सोडल्यापासून एक वर्ष, यातलं जे उशिरा असेल तोवर ठेवा. आय-९ वेगळ्या फाइलमध्ये, पगाराच्या कागदांत मिसळून नको; तपासणीला आलेल्या माणसाने जे मागितलं तेवढंच त्याच्यासमोर ठेवता आलं पाहिजे.